बदकाचं पोट आणि त्याची शीट



आजचा विषय ऐकून काही जणी तोंडाला पदर लावतील, काही जण गालात हसतील. आज आपण बदकाच्या शिटेबद्दल बोलणार आहोत. विषय घाण वाटेल, पण उपयोगाचा आहे.

आपण शेतकरी माणसं. बैलाच्या शेणाची आपल्याला किळस नसते. सकाळी गोठ्यात गेलं की नजर आधी शेणाकडं जाते. शेण नेहमीसारखं असेल तर बैलाचं पोट ठीक आहे असं आपण समजतो. बैल ढेंडाळला असेल तर लगेच चौकशी सुरू होते. रात्री काय खाल्लं? कुठलं पाणी प्याला? घरातली म्हातारी बाळाची शी पाहून बाळाला काय बाधलं ते सांगते. हे ज्ञान आपल्याजवळ पूर्वीपासून आहे. दारातल्या बदकासाठी ते वापरायचं, एवढंच आज सांगायचं आहे.

यात आपला फायदा काय? समजा, कृष्णाकाठच्या एका घरात चार बदकं आहेत. मुलांनी त्यांना नावं ठेवली आहेत. मुलं शाळेतून आली की बदकं त्यांच्यामागं धावतात. घरच्या बाईला अंडी मिळतात. काही घरात खपतात, काही विकून वह्या-पेन्सिलीचा खर्च भागतो. एक दिवस त्यांतलं एक बदक मान टाकून बसतं आणि दुसऱ्या दिवशी मरतं. आठवड्यात चारही जातात. मग लोक म्हणतात, "कशानं गेली काही कळलंच नाही."

कळलं नाही, याला कारण आहे. बदक दुखणं लपवतं. रानात जो पक्षी अशक्त दिसतो, त्याला कोल्हा किंवा ससाणा आधी उचलतो. म्हणून आजारी पक्षीही होईल तेवढं धडधाकट असल्यासारखा वागतो. तो मान टाकून बसलेला आपल्याला दिसतो, तेव्हा दुखणं पुष्कळ पुढं गेलेलं असतं. शीट मात्र बहुतेक वेळा त्याच्या आधीच बदलते. ज्याचं शिटेकडं लक्ष आहे, त्याला एक-दोन दिवस आधी कळतं. पाखराच्या जिवाला एक-दोन दिवस फार मोठे असतात.

आधी बदकाचं पोट कसं चालतं ते पाहू.

बदकाला दात नसतात. ते दाणा गिळतं. पुढं तो दाणा पेट्यात जातो. कोंबडीच्या कलेजीबरोबर जो घट्ट, जाड पेटा मिळतो, तोच हा. बदक बारीक खडे आणि वाळू खातं. ते खडे पेट्यात राहतात आणि जात्यासारखे दाणा भरडतात. म्हणून खुराड्याजवळ मूठभर जाड वाळू नेहमी असावी. खडे नसतील तर दाणा नीट भरडला जात नाही आणि शिटेतून तसाच बाहेर पडतो.

बदकाला घासाबरोबर पाणी लागतं. कोरडा भरडा त्याच्या घशाशी अडकतो. त्यासाठी तळंच हवं असं नाही. माण, खटाव, आटपाडी, जत या भागात माणसालाच पाण्याची ओढ, तिथं तळं कुठून आणायचं? बदकाचं पूर्ण डोकं बुडेल एवढं खोल घमेलं दाण्याजवळ ठेवलं तरी भागतं. नाक-डोळे धुता आले पाहिजेत, एवढंच. ते पाणी मात्र रोज बदलावं. एक मोठं बदक दिवसाला अर्धा ते एक लिटर पाणी पितं. उन्हाळ्यात जास्तही पितं.

आता एक गोष्ट ध्यानात ठेवा. बदकाला लघवीची वेगळी वाट नाही. शीट, लघवी आणि अंडं, तिन्ही एकाच वाटेनं बाहेर येतात. म्हणून शिटेत दोन रंग दिसतात. गडद भाग आतड्यातला. त्यावरची पांढरी साय ही लघवी. हे पांढरं पाहून घाबरायचं कारण नाही. ते असायलाच हवं.

मग चांगली शीट कशी असते? गडद भाग तपकिरी किंवा हिरवट असतो. त्यावर थोडं पांढरं असतं. कोंबडीच्या शिटेपेक्षा ती पातळ असते, कारण बदक पाणी जास्त पितं. कोंबडीची शीट पाहायची सवय असलेल्या माणसाला प्रत्येक बदक हगवणीनं आजारी वाटेल. तसं समजू नये.

अधूनमधून एखादी शीट चिकट, गडद तपकिरी आणि फार घाण वासाची पडते. तीही चांगलीच. आतड्याच्या शेवटी दोन पिशव्या असतात, त्या रिकाम्या झाल्या की अशी शीट येते. अंड्यावर बसलेली मादी दिवसातून एखाद-दुसऱ्या वेळीच उठते आणि एकदम मोठी, घाण वासाची शीट टाकते. तेही दुखणं नाही.

खाण्यानंही रंग बदलतो. मेथीच्या काड्या, कोबीचा पाला किंवा पाण्यातलं शेवाळ खाल्लं तर शीट हिरवी होते. बीट खाल्लं तर लाल दिसते. कलिंगडाच्या साली खाल्ल्या तर पाण्यासारखी होते. अशा वेळी एक सोपी परीक्षा आहे. ती वस्तू एक दिवस बंद करावी. दुसऱ्या दिवशी शीट मूळ रंगावर आली आणि बदक हिंडतं-फिरतं, खातं-पितं असेल, तर काळजी नको. पण बदकानं खाणं सोडलं असेल, तर परीक्षा करत बसू नये.

आता वाईट शिटेच्या खुणा सांगतो. पाच आहेत. बोटांवर मोजून ठेवा.

पहिली खूण रक्ताची. शिटेत लाल रक्त दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. तीन ते सहा आठवड्यांच्या कोंबडीच्या पिल्लांत रक्ती हगवण पुष्कळ होते. ओलसर, घाणेरड्या खुराड्यात तिचा जोर वाढतो. बदकांत ती कमी दिसते, पण होते. शीट डांबरासारखी काळी आणि चिकट असेल तर आतड्यात वरच्या बाजूला रक्त गेलं असण्याचा संभव असतो.

दुसरी खूण गडद हिरव्या शिटेची. बदक काही खात नाही आणि तरी हिरवं पाणी टाकतं, ही वाईट खूण आहे. पित्ताचा रंग हिरवा असतो. पोटात अन्न नसलं की नुसतं पित्त बाहेर येतं.

तिसरी खूण पिवळ्या किंवा नुसत्या पाण्याच्या शिटेची. एखादी वेळ सोडून द्यावी. दिवसभर तसंच चाललं आणि पिसं फुगवून बदक कोपऱ्यात बसलं, तर ते दुखणं आहे.

चौथी खूण चुन्यासारख्या शिटेची. सगळी शीट पांढरी आणि गडद भाग जवळजवळ नाहीच, असं दिसलं तर पाखरू उपाशी आहे किंवा त्याच्या आत बिघाड आहे. पिल्लांत ही पांढरी शीट शेपटीखाली चिकटून वाळते आणि वाटच बंद होते. कोमट पाण्यानं ती जागा हलक्या हातानं धुवावी. ओढून काढू नये. कातडी फाटते.

पाचवी खूण शिटेत जंत किंवा आख्खे दाणे दिसण्याची. बदक खातं पुष्कळ, पण छातीचं हाड हाताला टोचतं, असं झालं तर शीट तपासून घ्यावी आणि जंताचं औषध डॉक्टरांच्या मापानं द्यावं.

ही खूण दिसली की पहिला प्रश्न विचारायचा: काल काय खाल्लं? आपल्या भागातली चार-पाच कारणं इथं सांगतो.

पहिलं कारण बुरशीचं. सातारा-सांगलीकडं भुईमूग पिकतो. पेंड घरोघरी असते. पावसाळ्यात पोतं जमिनीवर, भिंतीला टेकून ठेवलं की ओल चढते आणि पेंडीला बुरशी येते. "म्हशीला नको, टाका बदकांना," असं आपण सहज म्हणतो. असं करू नये. एका जातीच्या बुरशीत अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते कलेजी नासवतं. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखावर टर्की मेल्या. टर्की म्हणजे कोंबडीपेक्षा मोठा पक्षी. बदकाची पिल्लंही मेली. रोग सापडेना. शेवटी कारण निघालं भुईमुगाच्या पेंडीतली बुरशी. बदकाचं पिल्लू या विषाला इतकं हळवं असतं की पुढं शास्त्रज्ञांनी विषाची परीक्षा करण्यासाठी बदकाची पिल्लंच वापरली.

हे विष माणसालाही सोडत नाही. १९७४ साली राजस्थान आणि गुजरातमधल्या आदिवासी गावांत बुरशी लागलेला मका खाऊन शंभरावर माणसं दगावली. भाजून किंवा उकडून हे विष पुरतं जात नाही. म्हणून पेंडीला कुबट वास आला, गाठी झाल्या, हिरवट-काळी बुरशी दिसली, तर ती कुणालाच घालू नये. पोतं फळीवर ठेवावं, भिंतीपासून हातभर दूर ठेवावं आणि थोडी-थोडी पेंड आणावी.

दुसरं कारण मिठाचं. लोणच्याचा खार, पापडाचे तुकडे, खारट कालवण बदकापुढं ओतू नये. पाखराला एवढं मीठ सोसत नाही. ते सारखं पाणी पितं, पाण्यासारखी शीट टाकतं आणि जास्त झालं तर मरतं. नुसत्या शिळ्या भाकरीवरही बदक ठेवू नये. भाकरीनं पोट भरतं, पण अंगी लागत नाही.

तिसरं कारण फवाऱ्याचं. तासगावकडं द्राक्षबागा आहेत. इतर ठिकाणी ऊस आहे, भाजी आहे. औषध मारलेल्या बागेत बदकं सोडू नयेत. औषधाचे डबे धुतलेलं पाणी त्यांना प्यायला मिळू देऊ नये. मोरचूदही विषारी आहे. औषध पोटात गेलं की तोंडातून लाळ गळते, पातळ शीट होते, अंग थरथरतं. अशा वेळी औषधाचा डबा किंवा त्यावरचं नाव लिहून डॉक्टरांकडं न्यावं. आता आपल्याला वाचता येतं. त्याचा उपयोग इथं होतो.

चौथं कारण चकाकणाऱ्या वस्तूंचं. बदक चमकणारं दिसलं की गिळतं. मोटार दुरुस्त करताना पडलेले तारेचे तुकडे, खिळे, गळाला लावायचं शिसं, सगळं पोटात जातं. शिसं पोटात राहिलं की शीट हिरवीगार होते, बदक वाळत जातं, पाय लुळे पडतात. काम झालं की जागा झाडून घ्यावी.

पाचवं कारण कुजक्या पाण्याचं. २०१९ सालच्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ सालच्या जुलैमध्ये कृष्णेला महापूर आला, तो आपण विसरलेलो नाही. पूर ओसरला की खोलगट जागी पाणी साचतं. त्यात मेलेले मासे, जनावरं, पाला कुजतो. त्यावर किडे होतात. असे किडे खाल्ले की बदकाला विषबाधा होते. आधी पाय लटपटतात, मग मान लुळी पडते. बदकाला मान धरवत नाही आणि पाण्यात असेल तर ते बुडतं. असं दिसलं की सगळी बदकं त्या डबक्यापासून ताबडतोब हलवावीत आणि त्यांना स्वच्छ पाणी द्यावं. मेलेली जनावरं पाण्यातून काढून खोल पुरावीत.

खाण्यात काही सापडलं नाही आणि एकामागून एक पाखरं आजारी पडू लागली, तर साथ समजावी.

कोंबड्यांची मानमोडी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. हिरवट हगवण, धाप, वाकडी झालेली मान. तिला राणीखेत म्हणतात. राणीखेत हे हिमालयातलं गाव. १९२७ साली तिथं ही साथ ओळखली गेली, म्हणून ते नाव. बदकांना हा रोग कमी बाधतो, पण त्यांच्यामार्फत तो कोंबड्यांत जाऊ शकतो. बदकांचा स्वतःचा एक प्लेग आहे. त्यात पातळ, कधी रक्ताची शीट होते, बदक उजेड टाळतं, डोळे मिटून घेतं आणि चटकन मरतं. शिवाय पाखरांचा कॉलरा आहे. त्यात पिवळी-हिरवी हगवण होते. कधी तर काहीच न दिसता पाखरू सकाळी मेलेलं सापडतं.

या कॉलऱ्याची एक हकिकत सांगण्यासारखी आहे. फ्रान्समध्ये लुई पाश्चर नावाचे थोर शास्त्रज्ञ होऊन गेले. कोंबड्यांच्या याच कॉलऱ्याचा अभ्यास करून १८८० साली त्यांनी त्यावरची लस जगापुढं मांडली. जंतूंचा जोर कमी करून प्रयोगशाळेत बनवलेली ही पहिली लस. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावरची लस त्यांनी पुढं १८८५ साली वापरली. कोंबडीच्या दुखण्याकडं त्यांनी लक्ष दिलं, त्याचा फायदा माणसालाही झाला.

लशी आपल्याकडंही तयार होतात. औंधला शासनाची पशु-पक्ष्यांच्या लशी बनवणारी संस्था आहे. हे औंध म्हणजे आपल्या खटाव तालुक्यातलं यमाईचं औंध नव्हे, पुण्याजवळचं. खंडाळा तालुक्यात शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याला प्रतिसरकारच्या क्रांतिसिंह नाना पाटलांचं नाव दिलं आहे. लस निरोगी पाखराला द्यायची असते. साथ घरात शिरल्यावर तिच्यावर भरवसा ठेवू नये. कोणती लस कितव्या दिवशी, हे जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून वहीत लिहून घ्यावं.

आता वाईट शीट दिसली त्या दिवशी काय करायचं, ते क्रमानं सांगतो.

एक. आजारी बदक वेगळं ठेवावं. सावलीत, कोरड्या जागी. खाली कोरडं पाचट किंवा भुसा घालावा. आधी चांगल्या बदकांचं काम करावं, मग आजारी बदकाचं. हात साबणानं धुवावेत.

दोन. उकळून गार केलेलं पाणी समोर ठेवावं. हगवणीत पाखरू पाणी कमी पडून मरतं. मऊ भात थोडा द्यावा. चोच उघडून पाणी ओतू नये. ते फुप्फुसात जातं.

तीन. ताजी शीट स्वच्छ, कोरड्या डबीत घेऊन झाकण लावावं आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्यावी. दुर्बिणीखाली जंत आणि रक्ती हगवणीचे जंतू दिसतात. पाखरू मेलं तर नदीत किंवा उकिरड्यावर फेकू नये. डॉक्टरांना विचारावं. फाडून पाहिलं तर उरलेली वाचतात. घरापर्यंत फिरतं पथक हवं असेल तर १९६२ या क्रमांकावर फोन करता येतो.

चार. दुकानातून अंदाजानं पुडी आणून पाण्यात टाकू नये. कोंबडीचं औषध कोंबडीच्या मापानं बदकाला देऊ नये. काही औषधं बदकाला बाधतात. औषध चालू असताना आणि नंतर किती दिवस अंडी खायची नाहीत, हेही विचारून घ्यावं.

पाच. वही काढावी. वही काढायला कुणी हसलं तर हसू द्यावं. असं लिहावं: "सोमवार. काळ्या मादीची शीट हिरवी, पातळ. दाणा खाल्ला नाही. शनिवारी नवी पेंड आणली. बाकीची तीन ठीक." एवढ्या चार ओळी डॉक्टरांपुढं ठेवल्या तर त्यांचं निम्मं काम होतं. तोंडानं सांगताना आपण वार विसरतो, पेंड विसरतो.

शेवटी माणसांबद्दल थोडं. निरोगी दिसणाऱ्या बदकाच्या शिटेतही माणसाला हगवण लावणारे जंतू असू शकतात. मुलांनी बदकाशी खेळावं, पण नंतर साबणानं हात धुवावेत. बदकाचा मुका घेऊ नये. बदकाचं घमेलं मोरीत भांड्यांबरोबर घासू नये. अंडं पुरतं उकडून खावं. पाच वर्षांखालच्या लेकरांना खुराडं झाडायला लावू नये.

एकदम पुष्कळ पाखरं मेली तर त्यांना हात लावू नये. २००६ सालच्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आला. आपल्या देशात तो पाखरांत पहिल्यांदा तिथं सापडला. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. २०२१ च्या जानेवारीत तो परभणी जिल्ह्यात आला. बदक या रोगाचे जंतू अंगावर बाळगूनही कधी कधी ठणठणीत दिसतं. म्हणून अशी मर लागली तर ग्रामपंचायतीला आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला त्याच दिवशी कळवावं. बातमी लपवून मेलेली पाखरं स्वस्तात विकणारा माणूस सगळ्या गावाला धोक्यात घालतो.

तेव्हा मंडळी, काम अवघं दोन मिनिटांचं आहे. संध्याकाळी खुराड्यात एक जुनं, स्वच्छ पोतं अंथरावं. सकाळी बदकं बाहेर सोडली की पोत्याकडं पाहावं. रंग पाहावा, पातळ की घट्ट ते पाहावं, रक्त आहे का ते पाहावं. मग पोतं धुऊन उन्हात टाकावं. निघालेली शीट खड्ड्यात मातीआड करावी, तिचं खत होतं. आठ दिवस हे केलं की आपल्या बदकाची चांगली शीट कशी, ते डोळ्यांत बसतं. मग वाईट शीट कुणी दाखवून द्यावी लागत नाही.